पहिल्या नोकरीचे कपडे : माप, शिलाई आणि इस्त्री

तालुक्याच्या गावी वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुण्या-मुंबईत नोकरी लागलेला एखादा तरी मुलगा दुकानात यायचाच. सोबत आई, आणि आईच्या पिशवीत आहेरात आलेले दोन-तीन शर्टपीस-पँटपीस. वडील टेप गळ्यात अडकवून पहिला प्रश्न विचारायचे, "काम बसून आहे का उभ्याने?" मग दुसरा, "जाणार कशाने? बसने का गाडीवर?" कापड कुठलं आणि रंग कुठला हे त्याच्यानंतर. मी आता पुण्यात नोकरी करतो. नव्याने रुजू झालेली मुलं कपड्यांबद्दल विचारतात तेव्हा मीही त्याच क्रमाने जातो. खांद्यावर नीट बसलेला, धुऊन इस्त्री केलेला साधा शर्ट दिवसभर विसरून जाता येतो. न बसलेला शर्ट महागाचा असला तरी दर दहा मिनिटांनी सारखा करावा लागतो. पैसे मोजके असतील तर ते मापावर आणि निगेवर घाला, एवढंच मला सांगायचं आहे. ते कसं करायचं, ते पुढे पायरीपायरीने.

पहिली पायरी : खरेदीआधी चौकशी

नेमणुकीचं पत्र आलं की लगेच बाजार गाठू नका. ज्याच्याशी तुमचं बोलणं झालं असेल त्याला फोन करून सरळ विचारा, "सर, ऑफिसला रोज फॉर्मल लागतं का?" असं विचारण्यात कमीपणा नाही. मुलाखतीला गेला असाल तेव्हा तिथली माणसं काय घालून बसली होती तेही आठवून बघा.

काही ठिकाणी नियम लेखी असतात. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर घालून कार्यालयात येऊ नका असं बजावलं. शुक्रवारी खादी वापरा, असंही त्यात होतं. पुढच्या वर्षी जीन्सला सूट मिळाली, टी-शर्टला नाही. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही सूचना आल्या : जीन्स-टी-शर्ट नको, पुरुषांनी शर्ट-पँट घालावी आणि शर्ट इन करावा. वकिलांचा काळा कोट आणि गळ्यातले पांढरे बँड बार कौन्सिलच्या नियमांत आहेत, आणि उन्हाळ्यात सर्वोच्च व उच्च न्यायालयं सोडली तर कोटाची सक्ती नसते. बँक, विमा, विक्री या कामांत रोज इन केलेला शर्ट धरूनच चाला. सॉफ्टवेअर कंपनीत बहुधा बरंच सैल चालतं, तरी पहिला आठवडा फॉर्मल घालून जा. तेवढ्यात तिथली रीत कळते.

दुसरी पायरी : स्वतःची मापं पाठ करा

बहुतेकांना बुटाचा नंबर माहीत असतो, पण गळ्याचं माप विचारलं तर सांगता येत नाही. एकदा कुठल्याही चांगल्या शिंप्याकडून मापं घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा : गळा, खांदा, छाती, पोट, बाहीची लांबी, कंबर, सीट (बसायच्या भागाचा घेर), मांडी, पँटची लांबी आणि मोहरी (पँटच्या पायाचा खालचा घेर). माप देताना पोट आत ओढू नका, श्वास रोखू नका, खिसे रिकामे करा. ज्या बुटांवर पँट घालणार तेच बूट पायात असू द्या, नाहीतर लांबी हमखास चुकते.

तयार फॉर्मल शर्टावर ३८, ३९, ४०, ४२ असे आकडे असतात. ते बहुधा कॉलरच्या घेराचे, सेंटीमीटरमधले असतात. म्हणजे ४० नंबर असेल तर गळा जवळजवळ पावणेसोळा इंच. अनेक जण हा आकडा छातीचा समजतात आणि मग गळ्याचं बटण लागत नाही म्हणून शर्टाला दोष देतात.

तिसरी पायरी : पहिली यादी

किमती गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात. हाताशी दहा हजार रुपये असतील तर मी ते असे वाटेन : दोन पँट कापड-शिलाईसह २,४००, चार शर्ट ३,२००, बूट २,५००, पट्टा ५००, मोजे आणि बनियन ६००, घरची इस्त्री ८००. इस्त्री या यादीत बघून मुलांना नवल वाटतं, पण शेवटी तीच सगळ्यात जास्त वसूल होते. पैसे कमी असतील तर शर्ट तीन करा, बुटांचे पैसे मात्र कापू नका.

पँट एक राखाडी आणि एक गडद निळी. काळी पँट पहिल्या खरेदीत नको. तिच्यावर धूळ आणि धागे लगेच दिसतात, धुऊन-धुऊन ती विटते, आणि शेजारी दुसरा खरा काळा रंग आला की तिचं विटणं उघडं पडतं. शर्ट एक पांढरा, दोन आकाशी (त्यातला एक बारीक रेघांचा चालेल) आणि एक फिकट रंगाचा, तुमच्या आवडीचा. हे चारही शर्ट दोन्ही पँटवर चालतात, म्हणजे सकाळी कपाटापुढे उभं राहून विचार करत बसायला नको.

रंगाबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. सावळ्या मुलांना घरचे, दुकानदार, मित्र सगळे सांगत आलेत की तुला पांढरा शोभत नाही, फिकट घालू नकोस. हे साफ खोटं आहे. सावळ्या वर्णावर स्वच्छ पांढरा आणि आकाशी इतके खुलतात की वडील अशा गिऱ्हाइकाला पांढऱ्याचाच शर्टपीस आधी काढून दाखवायचे. आरशासमोर कापड हनुवटीखाली धरा आणि स्वतः बघा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून एखादा रंग आयुष्यातून काढून टाकू नका.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन घातलं की त्याची कड स्पष्ट दिसते. राखाडी किंवा अंगाच्या रंगाचं बनियन घातलं तर जवळजवळ दिसत नाही. करून बघा.

चौथी पायरी : तयार घ्यायचं की शिवायचं

माझं मत असं : पँट शिवून घ्या, शर्ट तयार घेतला तरी चालेल. पँटमध्ये कंबर, सीट, मांडी आणि लांबी ही चारही मापं एकाच माणसाला एकाच तयार नंबरात मिळणं कठीण. शर्टात मात्र थोडी शोधाशोध केली की जमून जातं.

शिवायचं ठरलं तर कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, आधी विचारा. ५८ इंच पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६ मीटर आणि पँटला १.२ ते १.३ मीटर लागतं. ३६ इंच पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर जातात. अंगाने उंच किंवा जाड असाल तर थोडं वाढवून घ्या. आहेराचे पीस वापरायला काहीच हरकत नाही, फक्त उजेडात उलगडून बघा. घडीवर रंग उडालेला असतो किंवा कसर लागलेली असते.

शर्टाला सुती कापड अंगाला सगळ्यात बरं, पण ते चुरगळतं. सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्रण कमी चुरगळतं, मात्र पॉलिएस्टरचा वाटा जास्त असेल तर घाम टिपला जात नाही. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत पूर्ण पॉलिएस्टरचा शर्ट घालणं म्हणजे स्वतःला शिक्षा. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणार असाल तर शंभर टक्के सुती किंवा त्याच्या जवळचं घ्या. पँटला मात्र पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं मिश्रण रोजच्या वापराला चांगलं. घडी धरून राहते आणि घरी धुता येते. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. त्याला जे आटायचं ते आधीच आटून जाऊ दे.

कापड पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मिळतं, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही तर यंत्रमागांचीच गावं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. त्या बाजूला राहत असाल तर शर्टाच्या कापडासाठी शहरात येऊन जास्त पैसे मोजू नका.

शिंप्याशी बोलताना "फिटिंगमध्ये शिवा" एवढंच सांगून निघू नका. फिटिंग म्हणजे तुमच्या मनात एक असतं आणि त्याच्या मनात दुसरं. पुढच्या गोष्टी नावानिशी सांगा : मोहरी साधारण १५ इंच (उंच आणि थोराड असाल तर सोळापर्यंत), कमरेला मागच्या शिवणीत इंचभर माया (आत राखलेलं जादा कापड), खालच्या दुमडीत दोन इंच कापड शिल्लक, चुण्या नको किंवा एकच. कमरेतली ती माया पुढच्या पाच वर्षांत नक्की उपयोगी पडते. आणि ट्रायल मागा. गर्दीच्या दिवसांत शिंपी टाळतात, म्हणून दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर कपडे टाकू नका.

पाचवी पायरी : आरशासमोर काय तपासायचं

ही पायरी घाईने करू नका. तयार कपडा असो की ट्रायल, बघायच्या गोष्टी त्याच.

शर्टाची खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथे यावी. दंडावर ओघळली तर शर्ट मोठा, मानेकडे सरकली तर लहान. गळ्याचं बटण लावल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. बाही हात खाली सोडल्यावर मनगटाच्या हाडापर्यंत. छातीच्या बटणापाशी आडव्या सुरकुत्या पडत असतील तर शर्ट तंग आहे, "घातल्यावर सैल होईल" या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. मग शर्ट इन करा, दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणा. शर्ट बाहेर आला तर लांबी कमी आहे, आणि बसच्या दांडीला धरताना रोज हेच होणार.

खांदा आणि गळा चुकलेला शर्ट घेऊच नका, कारण या दोन जागा नंतर धडपणे दुरुस्त होत नाहीत. बाजूचा घेर, बाहीची लांबी, शर्टाची लांबी हे कोपऱ्यावरचा अल्टर करणारा थोड्या पैशांत करून देतो. सेलमध्ये चांगल्या कापडाचा, खांद्याला बरोबर पण पोटाला ढगळ शर्ट मिळाला तर तो खुशाल घ्या आणि बाजूने आत घ्यायला टाका. दुकानातून घेतलेला शर्ट तसाच घालणारा आणि घेर आत घेऊन घालणारा, दोघांमधला फरक लांबून कळतो.

पँट घालून खुर्चीत बसा, मग बुटाची लेस बांधायला वाका. बाजूचे खिसे कानासारखे उघडे राहत असतील तर सीट तंग आहे. मांडीवर आडव्या रेघा आल्या तरी तेच. लांबी एवढी हवी की पुढून बुटावर एकच हलकी घडी पडेल आणि मागून टाच उघडी दिसणार नाही. बुटावर दोन-तीन वळ्या जमल्या की माणूस बुटका दिसतो आणि कपडा दुसऱ्याचा वाटतो. पट्ट्याशिवाय पँट कमरेवर टिकली पाहिजे.

सहावी पायरी : पाय

एकच जोड घेणार असाल तर काळे, चामड्याचे, लेसचे, बिननक्षीचे. टोकदार किंवा चकचकीत नकोत. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत बूट घालून दुकानात चाला, कारण एक पाय किंचित मोठा असतोच. नंबर त्याच्या मापाने घ्या. टाच वर-खाली होत असेल तर नको.

पट्टा बुटाच्या रंगाचा. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत येणारे, म्हणजे बसल्यावर पायाची कातडी दिसत नाही. पांढरे मोजे खेळाच्या बुटांसाठी ठेवा. आपल्याकडे घरी, देवळात, पूजेला बूट दाराशीच निघतात, म्हणून मोज्याचं भोक लपून राहत नाही. दर महिन्याला मोजे उलटून बघा.

पॉलिश आठवड्यातून एकदा. आधी ब्रशने धूळ झाडा, मग कपड्याने थोडंसं मेणाचं पॉलिश लावा, दहा मिनिटं थांबा, मग ब्रश मारा. घाईचं पातळ चमकवणारं पॉलिश रोज वापरलं तर चामडं कोरडं पडतं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर चामड्याचे बूट घालून रस्त्यावर उतरू नका. रबराचे किंवा पीव्हीसीचे, पण दिसायला फॉर्मल असे काळे बूट बाजारात मिळतात, ते घालून जा आणि चामड्याचे बूट ऑफिसातच ठेवा. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरपाशी ठेवलेलं चामडं तडकतं.

सातवी पायरी : धुणं आणि इस्त्री

शर्ट एकदा घातला की धुवायला. पँट दोन-तीनदा चालते, पण रोज आलटून-पालटून घाला आणि घरी आल्यावर हँगरला लावा. खुर्चीवर टाकू नका. कॉलर आणि कफला साबण लावून मऊ ब्रशने घासा, बाकी शर्ट घासू नका. बटणं काढून, उलटा करून धुवा आणि सावलीत वाळवा. पांढऱ्याला नीळ बेताने, आधी पाण्यात पूर्ण विरघळवून घालायची, नाहीतर डाग पडतात. हलकी खळ सुती शर्टाला उन्हाळ्यात छान. पावसाळ्यात मात्र खळ टाळा, तिच्यावर कसर आणि बुरशी दोन्ही येतात.

इस्त्री कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे टाकली तरी स्वतःला यायला हवी. शर्ट थोडा दमट असतानाच घ्या. क्रम असा : कॉलर, कफ, बाह्या, खांदा, पुढचे दोन भाग, शेवटी पाठ. कॉलरवर टोकांकडून मधोमध या. मधून टोकाकडे गेलात तर टोकाशी चुणी जमते. गडद पँटवर थेट इस्त्री फिरवली की कापडाला चकाकी येते आणि ती जात नाही, म्हणून वर ओला सुती रुमाल पसरून फिरवा. डाग असलेल्या कपड्यावर इस्त्री कधीच नाही, उष्णतेने डाग पक्का होतो.

रुजू होण्याच्या आधीच्या रविवारी सगळं अंगावर चढवून बघा. बूट घालून जिना चढा-उतरा, गाडीवर बसा, तासभर तसेच वावरा. टाचेला कुठे घासतं, कुठलं बटण सैल आहे, हे सोमवारी सकाळी कळून उपयोगाचं नाही. नखं, केस, दाढी हेही त्याच दिवशी. अत्तर लावायचं तर थोडं, शेजारी बसलेल्याला जाणवू नये इतकं.

लग्न, समारंभ आणि सूट

पहिल्या वर्षी सूट शिवू नका. एका लग्नापुरता हवा असेल तर भाड्याने घ्या. ज्या नोकरीत खरोखर लागतो तिथे गडद निळा, दोन बटणांचा शिवा. त्याला ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटरच्या आसपास कापड लागतं आणि दोन ट्रायल तरी हव्यातच. कोटात सगळं काही खांद्यावर अवलंबून असतं, बाकीचं सुधारता येतं. बाहीखालून शर्टाचा कफ बोटाच्या अर्ध्या पेरापुरता दिसावा. खालचं बटण उघडं ठेवायचं, बसताना दोन्ही सोडायची. टायचं टोक पट्ट्याच्या बकलाला टेकेल इतपत.

नवा कोट घातलेल्या मुलांच्या बाहीवर कंपनीचं कापडी लेबल तसंच असतं, आणि कोटाच्या मागच्या चिरेला (खालच्या फटीला) घातलेली फुलीची शिवणही. या दोन्ही गोष्टी दुकानात कोट नीट राहावा म्हणून असतात. लहान कात्रीने अलगद काढा. बाहेरचे खिसे शिवलेले असतील तर तेही उसवता येतात. माझ्या शेजारच्या मुलाची चिरेवरची शिवण मी स्वच्छतागृहात नेऊन हळूच काढून दिली होती, चारचौघांत बोललो नाही. तुम्हालाही कुणाचं दिसलं तर असंच करा.

आपल्याकडच्या लग्नाला, मुंजीला, गणपतीच्या आरतीला सुटापेक्षा कुर्ताच जास्त शोभतो आणि तो परवडतोही. एक पांढरट किंवा मोतिया रंगाचा सुती-रेशमी कुर्ता, पांढरा पायजमा आणि वर एक गडद बंडी असेल तर निम्मी लग्नसराई निघून जाते. मे महिन्यातल्या मंडपात जरीकामाचा जाड, नायलॉनचा कुर्ता घालू नका. खाली कोल्हापुरी चप्पल. २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे आणि ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे. खरी कोल्हापुरी आधी थोडी बोचते, तेलाचा हात फिरवला की आठवड्याभरात पायाची होते. पावसात तिला बाहेर काढू नका. कुर्त्यालाही खांद्याचं माप शर्टाइतकंच लागू आहे, आणि लांबी गुडघ्याच्या जराशी वर किंवा बरोबर गुडघ्यावर.

अंत्ययात्रेला किंवा भेटायला जाताना पांढरा किंवा फिकट, साधा शर्ट, सहज काढता येतील अशा चपला. घड्याळाव्यतिरिक्त काही नको, अत्तर तर मुळीच नाही. असा एक धुतलेला शर्ट कपाटात कायम तयार ठेवा, कारण या प्रसंगाचा फोन आला की इस्त्री करायला वेळ मिळत नाही.